कँटनच्या शाळेतील एक मुलगी

धर्मभगिनींविषयी आम्हा धर्मगुरूंनी काही लिहावे, यात एक अडचण आहे. त्यांची स्तुती करण्याची आम्हांला सवय आहे. त्यांचे ऐकून घेण्याची नाही. त्यांच्या रौप्यमहोत्सवाला, सुवर्णमहोत्सवाला आणि अंत्यविधीला आम्ही प्रवचने करतो. 'मूकसेवा', 'त्याग', 'मेणबत्तीसारखे जळणे' हे शब्द आमच्या झग्याच्या खिशात तयारच असतात. पुढे त्या भगिनी निवृत्त होऊन मातृगृही जातात, शाळेच्या कार्यालयात एक तसबीर लागते, आणि ती तसबीर व ती इमारत म्हणजेच त्यांचा वारसा, असे आम्ही मानून चालतो.

हा लेख लिहावयास बसलो तेव्हा तेच शब्द पुन्हा लेखणीच्या टोकाशी येऊन उभे राहिले. त्यांना नम्रपणे बाजूस सारून फ्रान्सिस्कन भगिनींच्या एका शाळेविषयी, आणि त्याहीपेक्षा त्या शाळेतील एका विद्यार्थिनीविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. शाळा आपल्याकडची नव्हे. ती अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील कँटन या लहानशा गावची. ती शाळा आम्ही पाहिलेली नाही. तरीही गेली काही वर्षे ती आमच्या मनात घर करून आहे, आणि त्याचे कारण आमच्याच हातून घडलेला एक जुना अपराध हे आहे. त्याकडे आम्ही सावकाश येऊ. वाचकांनी घाई करू नये. अपराध सांगावयास धर्मगुरूलाही धीर गोळा करावा लागतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील एका धर्मग्रामात आम्ही तीन महिने बदली धर्मगुरू म्हणून होतो. तेथून काही अंतरावर, मिसिसिपी नदीच्या काठी, ला क्रॉस नावाचे शहर आहे. त्या शहरात 'फ्रान्सिस्कन सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल अ‍ॅडोरेशन' या संघाचे मातृगृह आहे. नावाप्रमाणेच त्यांचे ब्रीद अखंड आराधनेचे. १ ऑगस्ट १८७८ रोजी सकाळी अकरा वाजता या भगिनींनी पवित्र साक्रामेंतापुढे प्रार्थनेस आरंभ केला. तेव्हापासून रात्र असो, हिमवर्षाव असो, महायुद्ध असो, निदान दोघीजणी तरी तेथे गुडघे टेकून असतच. भगिनींची संख्या रोडावू लागल्यावर, १९९७ पासून, गावातील प्रापंचिक माणसेही त्यांच्या बरोबरीने एकेक तास वाटून घेऊ लागली. आम्ही गेलो त्या दिवशी एक वृद्ध भगिनी आणि तिच्याशेजारी कामावरून थेट आलेला, बुटांना चिखल लागलेला एक मनुष्य, असे दोघे तेथे होते. एकशे अडतीस वर्षांची ती प्रार्थना त्या क्षणी त्या दोघांच्या ओंजळीत होती. पुढे २०२० मध्ये, राखेच्या बुधवारपासून, भगिनींनी रात्रीची आराधना थांबविली. आता ती सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत चालते. ही बातमी वाचून आमच्या एका धर्मगुरूमित्राने हळहळ व्यक्त केली. आम्हांला मात्र त्यात एक प्रामाणिकपणा दिसला. जे झेपत नाही ते झेपते असा देखावा त्यांनी केला नाही.

या संघाचा इतिहास तेथेच प्रथम वाचला. १८४९ साली बव्हेरियातील एटनबॉयरेन या खेड्यातून संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे काही स्त्रीपुरुष मिलवॉकीस आले. त्यांपैकी स्त्रियांचा हा संघ झाला. जर्मन स्थलांतरितांच्या मुलांना शिकवावे, हे त्यांचे स्वप्न. प्रत्यक्षात बिशपांनी नवीन सेमिनरी बांधली, आणि या भगिनी त्या सेमिनरीच्या स्वयंपाकघरात आणि धुलाईघरात अडकल्या. भावी धर्मगुरूंसाठी भाकरी भाजायची, त्यांचे कपडे धुवायचे. स्वतःच्या प्रार्थनेला वेळ नाही, शाळेला तर नाहीच. अखेर १८६० साली थकून-भागून मदर एमिलियाना डिर आणि संस्थापक भगिनी संघ सोडून निघून गेल्या. मागे राहिलेल्यांनी तो पुन्हा उभा केला, १८७१ मध्ये ला क्रॉसला नेला आणि मग शाळांमागून शाळा काढल्या.

हे वाचताना आमच्या सेमिनरीतील दिवस आठवले. आठ वर्षे आम्ही तेथे जेवलो. तत्त्वज्ञानातील आमच्या प्राध्यापकांची नावे आजही क्रमाने सांगू शकू. स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींपैकी एकीचेही नाव आम्हांला सांगता येणार नाही.

त्या दिवशी ऐंशी पार केलेल्या एका भगिनीने आमचे आतिथ्य केले. कॉफी झाली, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि तिने अकस्मात विचारले, ''फादर, तुमची आई घरात काय गात असे?''

आम्ही गोंधळलो. मग घसा साफ करून सेमिनरीत शिकलेले एक इंग्रजी स्तोत्र म्हटले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि हसून म्हणाली, ''हे तर आम्हांलाही येतं.''

त्या चार शब्दांनी आम्हांला निरुत्तर केले. आमची आई उत्तर वसईची, सामवेदी बोली बोलणारी. लग्नाच्या मांडवात, हळदीच्या रात्री, पापड लाटताना ती गात असे. त्यातील एकही गीत आम्हांला पुरते येत नाही. अर्धीमुर्धी ओळ येते आणि चाल येते. त्या भगिनीने आमची अडचण ओळखली असावी. तिने विषय बदलला आणि भिंतीवरील एका छायाचित्राकडे बोट दाखविले. आफ्रिकन वळणाचा रंगीत झगा घातलेली, तोंड उघडून गात असलेली एक कृष्णवर्णीय स्त्री. ''हिला आम्ही शिकवलं,'' ती म्हणाली, आणि थोडे थांबून पुढे म्हणाली, ''नंतर हिनं आम्हांला.''

त्या स्त्रीचे नाव सिस्टर थिया बोमन.

तिचा जन्म २९ डिसेंबर १९३७ चा, मिसिसिपीतील याझू सिटीचा. जन्माचे नाव बर्था. वडील डॉक्टर, आई शिक्षिका, आजोबा गुलामीत जन्मलेले. घर कँटनमध्ये. त्या काळचे मिसिसिपी म्हणजे कायद्याने दोन भाग केलेला समाज. गोऱ्यांचे नळ वेगळे, काळ्यांचे वेगळे. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. काळ्या मुलांच्या शाळांना गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली पुस्तके मिळत, आणि कापूस वेचणीच्या हंगामात वर्गच बंद पडत. अशा शाळेत ही मुलगी पाचवीपर्यंत शिकली, आणि तरीही तिला नीट वाचता येत नव्हते. आपल्याकडे 'पाच वर्षे शाळेत गेला पण अक्षरशत्रूच राहिला' असे आपण मुलाला बोल लावून म्हणतो. तेथे बोल कोणाचा होता, हे सांगावयास नको.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस कँटनमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी 'होली चाइल्ड जीझस' ही कॅथलिक शाळा सुरू झाली, आणि ला क्रॉसच्या फ्रान्सिस्कन भगिनी तेथे शिकवावयास आल्या. ला क्रॉस आणि कँटन यांत बाराशे किलोमीटरहून अधिक अंतर. एकीकडे हिमाच्छादित उत्तर, दुसरीकडे कापसाचे दक्षिणेतील शेत. या गोऱ्या स्त्रिया काळ्या वस्तीत राहिल्या, तेथील मुलांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या घरी गेल्या. हे त्या गावात साधे नव्हते. गोऱ्यांच्या दृष्टीने तो मर्यादाभंग होता. बोमन दांपत्य स्वतः कॅथलिक नव्हते; परंतु मुलगी शिकावी म्हणून त्यांनी तिला या शाळेत घातले. मुलगी त्याआधीच, १९४७ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी स्वतःच्या इच्छेने कॅथलिक झाली होती.

या भगिनींनी काय वेगळे केले? पुस्तके आणली, हे खरे. परंतु थियाने पुढे जे आवर्जून सांगितले ते पुस्तकांविषयी नव्हते. वर्गात ज्याला येते त्याने न येणाऱ्याच्या शेजारी बसावे, मोठ्याने लहानाला शिकवावे, ही तेथील रीत होती. मागे पडलेले मूल म्हणजे ओझे नव्हे, सर्व वर्गाची जबाबदारी. वाचता न येणारी बर्था थोड्याच काळात वाचू लागली, आणि मग दुसऱ्यांना वाचावयास शिकवू लागली. आम्ही वीस वर्षे शाळांच्या व्यवस्थापनात काढली आहेत. गुणवत्ता यादीत नाव आलेल्या मुलांचे फलक आम्ही फाटकावर लावले आहेत. शेजारच्या बाकावरील मुलाला गणित शिकविणाऱ्या मुलीचा फलक लावल्याचे आम्हांला स्मरत नाही.

पंधराव्या वर्षी त्या मुलीने आईवडिलांना सांगितले की, आपण या भगिनींच्या संघात जाणार. ते हादरले. एकुलती एक लेक, आणि निघाली कोठे, तर सर्वस्वी गोऱ्यांच्या मठात! त्यांनी नकार दिला. तिने अन्न सोडले. शेवटी तेच नमले, आणि १९५३ मध्ये ती ला क्रॉसला गेली. त्या संपूर्ण मातृगृहात तीच एक कृष्णवर्णीय. पुढे तिने 'थिया' हे नाव घेतले. त्यात देवाचे नाव होते आणि थिऑन या वडिलांच्या नावाचा प्रतिध्वनीही होता. १९५५ मध्ये तिला क्षयरोग झाला, आरोग्यधामात काही काळ घालवावा लागला, आणि ती परत आली.

येथे आम्ही थोडे थांबतो. सर्वसाधारण लेखात यानंतर 'तिने मठाच्या जीवनाशी समरस होऊन आदर्श निर्माण केला' असे वाक्य यावयास हवे. परंतु समरस होणे म्हणजे काय? त्या मठातील अन्न जर्मन, स्तोत्रे लॅटिन आणि युरोपीय, उभे राहण्याची, चालण्याची, हसण्याची पद्धत उत्तरेकडची. कँटनच्या वृद्ध स्त्रियांनी तिला टाळ्या वाजवून, अंग डोलवून, रडत-हसत गावयास शिकविले होते. गुलामीच्या काळात ज्यांना लिहिणे-वाचणे बंद होते त्यांनी बायबल गाण्यांत साठविले, आणि ती स्पिरिच्युअल गीते आजीकडून नातीकडे येत गेली. ते सर्व तिने दाराबाहेर काढून ठेवले. कोणी तिला तसे सांगितले म्हणून नव्हे. न सांगताच कळते. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा, असे ज्याचे बालपण गेले त्यालाच हे 'न सांगता कळणे' ठाऊक असते.

१९६१ मध्ये ती शिक्षिका होऊन कँटनला, आपल्याच जुन्या शाळेच्या हायस्कुलात परतली. इंग्रजी आणि संगीत शिकवू लागली. हा काळ नागरी हक्कांच्या लढ्याचा. जून १९६६ मध्ये याच कँटनमध्ये, एका शाळेच्या पटांगणावर मुक्काम करू पाहणाऱ्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. अशा गावात सिस्टर थियाने विद्यार्थ्यांचा गायकवृंद उभा केला आणि त्यांना मोझार्ट नव्हे, तर त्यांच्याच आज्यांची गाणी गावयास लावली. १९६७ मध्ये त्यांच्या आवाजातील गीतांची तबकडी निघाली. ज्या शाळेत गोऱ्या भगिनींनी तिला वाचावयास शिकविले, त्याच शाळेत तिने मुलांना, आपल्यापाशी आधीपासूनच काय आहे ते ऐकावयास शिकविले. हे दुसरे शिक्षण पहिल्याइतकेच अवघड आहे, किंबहुना अधिक.

पुढील हकीगत थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात तिने संत थॉमस मूर यांच्या तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथावर संशोधन करून १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळविली. ला क्रॉसच्या विटर्बो महाविद्यालयात शिकविले. वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करण्यासाठी १९७८ मध्ये कँटनला परतली आणि जॅक्सन धर्मप्रांतात विविध समाजांना एकमेकांची ओळख करून देण्याचे काम स्वीकारले. १९८४ मध्ये आईवडील दोघेही गेले, आणि त्याच वर्षी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. १९८७ मध्ये कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठी स्वतंत्र गीतसंग्रह निघाला, त्याला तिचा प्रास्ताविक लेख आहे.

आणि मग १७ जून १९८९. अमेरिकेतील सर्व बिशपांची बैठक न्यू जर्सीतील सीटन हॉल विद्यापीठात भरली होती. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, रोगाने पोखरलेल्या या भगिनीला बोलावयास पाचारण केले होते. विषय, कृष्णवर्णीय आणि कॅथलिक असणे म्हणजे काय. तिने प्रबंध वाचला नाही. आईवेगळ्या, घरापासून दूर पडलेल्या लेकराचे एक जुने स्पिरिच्युअल गाऊन तिने आरंभ केला. आपण चर्चमध्ये येतो ते आपले सर्वस्व घेऊन येतो, आपला इतिहास, आपली गाणी, आपले नृत्य, आपले दुःख. ते दाराशी ठेवून नव्हे, अशा आशयाचे ती बोलली. शेवटी तिने त्या सर्व बिशपांना उभे केले, हात छातीवर आडवे घेऊन शेजाऱ्याचा हात धरावयास लावले, आणि नागरी हक्क चळवळीचे ते सुप्रसिद्ध गीत त्यांच्याकडून गाऊन घेतले. काहींनी हात नीट धरले नव्हते, त्यांना तिने शिक्षिकेच्या थाटात दटावले. बिशपांच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही त्या प्रसंगाचे चित्रण पाहिले आहे. बिशप मंडळी इतकी आज्ञाधारक आम्ही अन्यत्र पाहिलेली नाहीत.

३० मार्च १९९० रोजी कँटनच्या घरी तिचे निधन झाले. मेम्फिस येथे आईवडिलांच्या शेजारी तिला पुरले आहे. 'तिने प्रयत्न केला', एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे अशी तिची इच्छा होती. २०१८ पासून तिच्या संतपदाच्या प्रक्रियेस आरंभ झाला असून चर्च तिला 'देवाची सेविका' म्हणून संबोधते.

येथे लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. परंतु याच संघाची दुसरी एक शाळा आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. विस्कॉन्सिनच्या उत्तरेस, ओडाना येथे, ओजिब्वे या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात या भगिनींनी १८८३ पासून १९६९ पर्यंत सेंट मेरीज ही निवासी शाळा चालविली. त्या काळी सरकारचे धोरणच असे होते की, आदिवासी मुलांना घरापासून तोडावे, त्यांची भाषा, वेष, चालीरीती पुसून टाकाव्यात आणि त्यांना 'सुधारावे'. अमेरिकेतील कित्येक निवासी शाळा, कॅथलिक शाळांसह, या धोरणाच्या हस्तक झाल्या. ओडाना त्यांतलीच एक. अलीकडच्या वर्षांत भगिनींनी स्वतः आपल्या या इतिहासाचा शोध घेतला आणि तो उघडपणे मान्य केला. २०२५ मध्ये त्यांनी उत्तर विस्कॉन्सिनमधील आपले एक तळ्याकाठचे साधनास्थान तेथील ओजिब्वे जमातीला परत केले, आणि किंमत घेतली ती १९६६ साली ती जागा विकत घेताना मोजली होती तेवढीच.

तोच संघ, तीच व्रते, तीच अखंड आराधना. एका शाळेत मुलांच्या तोंडची भाषा गेली. दुसऱ्या शाळेतून एक मुलगी आपले गाणे घेऊन बाहेर पडली आणि तिने आपल्या गुरूंनाही ते शिकविले. फरक कशाने पडला? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. भगिनी ओडानात वाईट आणि कँटनमध्ये चांगल्या होत्या, असे नव्हे. आम्हांला वाटते ते असे: कँटनमध्ये मुले रोज संध्याकाळी घरी जात. त्यांच्या आज्या जवळ होत्या. शाळेला मुलाची सर्व सत्ता मिळाली नाही, हे शाळेचे भाग्य.

संत फ्रान्सिसने आपले सूर्यगीत १२२५ च्या सुमारास रचले, ते लॅटिनमध्ये नव्हे, तर उंब्रियाच्या लोकबोलीत. आणि आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही फ्रान्सिस्कन बंधूच. जपानी भाषा अवगत असल्यामुळे ते तेथील फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. परक्याची बोली शिकून त्याच्यासाठी मरणारा संत आमच्या मातीतला. त्याच मातीत आम्ही काय केले ते आता सांगतो.

१९९९ च्या डिसेंबरात आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. दीक्षा होऊन दीड वर्ष झाले होते, आणि आम्हांला सर्व काही कळत होते. धर्मग्रामाच्या हायस्कुलाची जबाबदारी एका फ्रान्सिस्कन संघाच्या भगिनींकडे होती. मुख्याध्यापिका केरळमधून आलेल्या. त्यांनी मराठी येथे येऊन शिकली होती, आणि त्यांचा 'ळ' आमच्या मुंबईकर नातलगांपेक्षा शुद्ध होता. स्नेहसंमेलनाची तालीम पाहण्यास आम्ही गेलो. आठवीच्या मुली रंगमंचावर मांडव घालून लग्नाची गाणी म्हणत होत्या, थेट सामवेदी बोलीत, आज्यांच्या चालीवर. एक बारीकशी मुलगी पुढे होऊन ओळ उचलत होती आणि बाकीच्या तिच्यामागे.

आम्ही तालीम थांबविली. बाहेरचे पाहुणे येणार आहेत, त्यांना हे समजणार नाही, शाळेची शोभा होईल, असे सांगितले. ''शाळेत शुद्ध भाषा हवी, हे घरी म्हणा,'' असेही म्हणालो. आणि त्याजागी एक इंग्रजी नाताळगीत बसविण्याची सूचना केली. ती मुलगी काही बोलली नाही. तिने डोक्यावरचा पदर काढला, त्याची घडी केली आणि रंगमंचावरून खाली उतरली. मुख्याध्यापिकांनी आमच्याकडे पाहिले. त्याही काही बोलल्या नाहीत. शाळेच्या व्यवस्थापनात धर्मगुरूचा शब्द अखेरचा असतो, हे त्यांना ठाऊक होते. नाताळगीत छान झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या.

२००४ मध्ये त्या सिस्टरांची बदली झाली. निघण्यापूर्वी त्या आम्हांला भेटावयास आल्या. तोवर आमचीही त्या धर्मग्रामातून बदली झाली होती, तरी त्या बस बदलून, उन्हातून आल्या. खाकी वेष्टण घातलेली दोनशे पानी वही त्यांनी टेबलावर ठेवली. ''फादर, ही शाळेची आहे. पण शाळेत राहिली तर हरवेल. तुम्ही ठेवा.'' आम्ही आभार मानले, वही पेटीत ठेवली आणि विसरलो. बारा वर्षे विसरलो.

ला क्रॉसहून परत आल्यावर ती पेटी उघडली. वहीत लग्नगीते होती. रविवारी दुपारी त्या सिस्टर घरोघर जात, हे आम्हांला ठाऊक होते. आजाऱ्यांची विचारपूस करण्यास जातात, अशी आमची समजूत होती. त्या आज्यांच्या शेजारी बसून गाणी उतरवून घेत होत्या. मल्याळी वळणाच्या गोल, टपोऱ्या देवनागरी अक्षरांत शंभराहून अधिक पाने भरली होती. पहिली नोंद जानेवारी २००० ची. म्हणजे त्या तालमीनंतर महिन्याभरात त्यांनी कामास आरंभ केला होता. आमच्याशी वाद न घालता.

त्या सिस्टर आता हयात नाहीत. त्यांच्या अंत्यविधीला आम्ही जाऊ शकलो नाही. गेलो असतो तर 'मूकसेवा' हा शब्द आम्ही नक्कीच वापरला असता.

२०२३ च्या जानेवारीत त्याच गावी एका लग्नाला जाणे झाले. हळदीच्या रात्री मांडवात चार-पाच वृद्धा गात होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक चाळिशीकडे झुकलेली स्त्री. तिने ओळ उचलली आणि आम्ही तिला ओळखले. गाणे संपल्यावर ती प्रसाद घेऊन आली. आम्ही विचारले, ''ओळखलंस का आम्हांला?''

''ओळखलं की, फादर. तुम्ही आमचा मांडव मोडला होता,'' ती म्हणाली, आणि हसली. हसण्यात राग नव्हता. विसर पडलेला नव्हता, एवढेच.

पुढल्या आठवड्यात वही घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. तिने हात धुतले, पुसले, आणि वही उघडली. बराच वेळ काही बोलली नाही. एका पानावर तिच्या आजीचे नाव होते. त्यावर तिने बोट ठेवले. मग ओठांतल्या ओठांत गुणगुणत पाने उलटू लागली. एका जागी थांबली, पुन्हा गुणगुणली, कपाळाला आठी घातली.

''इथं सिस्टरांनी चुकीचं लिहिलंय, फादर. आजी असं नव्हती म्हणत. पेन आहे का तुमच्याकडे?''

आम्ही खिशातले पेन काढून तिला दिले.